चाळिसाच्या आत

आमच्या घरात कुठलीच गोष्ट एका माणसाची नव्हती. कुणाला ताप आला की तो सगळ्यांचा, कुणाची चप्पल नवी आली की ती सगळ्यांच्या पायात. तेव्हा दादाने गाडी आणली ती त्याची एकट्याची राहील, असं त्याला वाटलं असेल तर तो त्याचा भाबडेपणा. गाडी म्हणजे ती जुनी गोल पाठीची, लोक जिला डुक्कर म्हणत ती. मुंबईहून आणली तेव्हा ती डुक्करच होती. पण दादा रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत शिफ्टला होता, आणि शिफ्ट सुटली की नाक्यावरच्या मेस्त्रीच्या शेडमध्ये जाऊन बसायचा. दोघांनी मिळून तिचं इंजिन पार खोललं. नवे पिस्टन घातले, नव्या रिंगा घातल्या, हेड घासून घेतलं आणि एका कार्बोरेटरच्या जागी दोन चढवले. आषाढ सरता सरता ती पेणला आमच्या दारात आली, तेव्हा नुसती उभी असतानाही दबा धरून बसल्यासारखी गुरगुरत होती. आप्पा, म्हणजे आमचे वडील, बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "आवाज कमी कर तिचा. मूर्त्या हादरतात."

आमचं घर गणपतीच्या कारखान्याला पाठ लावून होतं. पत्र्याची लांब शेड, पुढे शाडूच्या मातीचे गोळे, मधे ओल्या मूर्त्यांच्या रांगा, मागे रंग, आणि रंगाच्या मागे आमची चूल. जेवताना भातात मातीची भुकटी यायची. आई म्हणायची, पोटात गणपती गेला तर चांगलंच आहे. दिवसभर पॉलिशपेपरचा खरखर आवाज, रेडिओ, कुणीतरी पाटावर माती आपटतंय, आणि या सगळ्यावर आप्पांचं एकच पालुपद, "घाई नाय. घाई नाय." आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, म्हणून मूर्तीचे डोळे काढायचं काम गेली दोन वर्षं माझ्याकडे आलं होतं. आमच्याकडे त्याला आखणी म्हणतात. मूर्ती कुणीही रंगवील, आखणी शेडमध्ये एखाद्याच हाताला जमते. मला ती जमत होती, याचं कौतुक आप्पांनी कधी केलं नाही. फक्त मी डोळे काढायला बसले की ते रेडिओ बंद करत.

आता गाडीचं. इंजिन नवं बांधलं की त्याच्या रिंगा सिलिंडरमध्ये घासून घासून नीट बसाव्या लागतात. तोवर गाडी रनिंगमध्ये आहे असं म्हणतात. मेस्त्रीचं म्हणणं असं की ज्याच्या पायाखाली रनिंग होतं त्याच्याच पायाला इंजिन लागतं, तेव्हा गाडी एकानेच चालवायची. दादा शिफ्टमध्ये अडकलेला. गाडी मला येत होती, मिठागराच्या बांधाजवळच्या रिकाम्या रस्त्यावर त्यानेच शिकवली होती. शिवाय दसऱ्यानंतर घाटात एक शर्यत होती. एकेक गाडी खालून सुटते, घड्याळ लावतात, आणि वर कोण लवकर पोचतं ते बघतात. दादाने तिथे चालक म्हणून माझं नाव देऊन टाकलं होतं. त्याच्या चष्म्याचा नंबर मोठा आणि धीर लहान, हे त्यालाही ठाऊक होतं. मी वीस वर्षांची होते. तोपर्यंत मला कुणी कशातही पहिलं पाठवलं नव्हतं. त्या शर्यतीसाठी मी काहीही केलं असतं, आणि नशीब असं की मला करायचं होतं ते एवढंच, की गाडी नीट चालवायची. तेवढंच मला कुणी करू देईना.

मेस्त्रीने जाताना चार गोष्टी सांगितल्या होत्या. पहिले काही दिवस चाळिसाच्या वर जाऊ नका. मग हळूहळू वाढवा. एकाच वेगात धरून ठेवू नका. आणि चढाला तिला जोर लावू द्या, उताराला सोडून द्या, तरच रिंगा बसतील. आप्पांनी यातली पहिली गोष्ट उचलली आणि बाकीच्या तीन दारातच सोडून दिल्या. "माती काय सांगते? सावलीत वाळवा. उन्हात घातली की तडकली. इंजिन काय वेगळं हाय?" मी म्हटलं, आप्पा, ते लोखंड आहे. "मग लोखंड मातीतूनच येतं ना गो?" त्यांनी एक फळी घेतली, तिच्यावर मखराला शोभेल अशा सोनेरी अक्षरांत लिहिलं, "इंजिन नवे बांधले आहे. कृपया पुढे जावे." कडेला वेलबुट्टी. ती फळी गाडीच्या मागे बांधली आणि स्वतः पुढे माझ्या शेजारी येऊन बसले. त्या दिवसापासून मी गाडीत एकटी अशी बसलेच नाही.

आप्पांचे दोन्ही डोळे अंधुक, पण वेगाचा काटा त्यांना बरोबर दिसायचा. काटा चाळिसाला टेकला की त्यांचा उजवा पाय जोरात खाली दाबला जायचा. त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल! पालथ्या घड्यावर पाणी. महिन्याभरात त्यांच्या पायाखालची चटई टाचेएवढी झिजली. "चाळीस, कुंदे, चाळीस. काटा बघ गो." वडखळच्या रस्त्याला एकदा एसटीचा कंडक्टर दारात लोंबकळत आमच्या बरोबरीला आला आणि म्हणाला, "ताई, उतरून चालत निघा. लवकर पोचाल." आप्पांनी त्याला हात जोडून नमस्कार केला. त्यांना ते कौतुक वाटलं.

आणि घरातल्यांचं काय सांगू! गाडी नाहीतरी फिरवायचीच आहे ना, हे एकदा सगळ्यांच्या डोक्यात बसल्यावर गाडीची पालखी झाली. शेजारच्यांची पोह्यांची पोती, मावशीचे वाल, कुणाच्या तरी सासूचे गुडघे डॉक्टरकडे. त्यात पेणमध्ये बातमी पसरली की कुंदाची गाडी चाळिसाच्या वर जात नाही. मूर्ती न्यायला याच्याहून चांगलं वाहन कुठलं? श्रावण लागला तशी गिऱ्हाइकं मला सांगून येऊ लागली. मागच्या सीटवर पेंढा, पेंढ्यावर गणपती, आणि पुढे आम्ही दोघं मिरवणुकीला निघाल्यासारखे. माझी शर्यतीची गाडी, दोन कार्बोरेटरची, आणि तिच्यावर बैलगाडीतला पोरगा पुढे जाताना हसतोय.

आत्या आमच्याकडेच असायची. तिने अर्ध्या गावाची बाळंतपणं केलेली, त्यामुळे इंजिन तिच्या ताब्यात जायला वेळ लागला नाही. "पोट फाडून परत शिवलंन ना तिचं? मग वली बाळंतीणच ती. वारं लागता कामा नये." गाडीला काळा दोरा बांधला इथवर मी गप्प होते. एक दिवस नागोठण्याच्या अलीकडे पुढून वाफ यायला लागली. खाली उतरून बॉनेट उघडलं तर आत रेडिएटरच्या पुढे आत्याची गोधडी, चारी बाजूंनी नीट खोचलेली, जशी बाळंतिणीच्या पाठीला खोचतात तशी. मी रस्त्यात कपाळावर हात मारून उभी राहिले. आप्पा म्हणाले, "मायेनं केलंन. वरडू नको तिला." मी गोधडी बाहेर ओढली, तर ती शेकली होती आणि तिला ओव्याचा वास येत होता. आत्याने गोधडीत ओवाही बांधला होता. आज माझा नातू गाडी विकत घेतो, त्याच संध्याकाळी महाबळेश्वरला घेऊन जातो. रनिंग म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. मी त्याला गोधडीची गोष्ट सांगितली तर म्हणाला, आजी, तू हे रचून सांगतेस. रचायचं असतं तर मी स्वतःला बरे वडील दिले असते.

मग धूर सुरू झाला. गाडी सुरू केली की मागून निळसर धूर यायचा, जळक्या तेलाचा. दादा रात्रपाळीहून आला होता. त्याने मागे उभं राहून तो धूर बघितला, प्लग काढले, ते तेलाने काळे ओले झालेले बघितले आणि तिथेच मटकन बसला. "कुंदे, तुला सांगितलं होतं ना चढाला दमव म्हणून? रिंगा बसल्याच नाहीत. सिलिंडर आरशासारखा गुळगुळीत होतोय आतून." मी म्हटलं, मला काय सांगतोस, त्यांना सांग. त्याने आप्पांना सांगितलं. आप्पा एका उंदराला शेपूट लावत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तडकलं का?" दादा म्हणाला, तडकलं नाही, पण बिघडतंय. "तडकलं नाय ना? मग झालं." दादा माझ्याशी हळू बोलला. गणपतीपर्यंत धूर थांबला नाही तर इंजिन पुन्हा खोलावं लागणार, आणि मग दसऱ्याची शर्यत विसरायची. मी त्या रात्री जेवले नाही. आईने डाळिंब्यांची उसळ केली होती, ती माझी आवडती, तरी जेवले नाही. त्याचा परिणाम एवढाच झाला की माझी उसळ आत्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना सरळ विचारलं, तुम्ही गाडीत बसायचं थांबवाल का? "एकटी जाशील?" हो. "नाय." का? "नाय म्हणजे नाय." मग मी बोलायचं सोडून दिलं. आम्ही दोघं रोज शेजारी शेजारी बसून चाळिसाच्या आत, एक शब्द न बोलता, लोकांचे गणपती पोचवत होतो. मागून धूर येतच होता.

चतुर्थीची सकाळ उजाडली. आमच्या घरचा गणपती आत पाटावर नेऊन ठेवला होता आणि शेड जवळजवळ रिकामी झाली होती. चतुर्थीला कारखाना ओस दिसतो, लग्न झालेल्या घरासारखा. एकच मूर्ती कोपऱ्यात फडक्याखाली होती, ती राखणीची. आप्पांच्या वडिलांपासून आमच्याकडे रीत होती, की दरवर्षी एक मूर्ती कुणाच्याही नावाची नसलेली राखून ठेवायची. कुणाच्या घरी मूर्ती भंगली तर ती द्यायची. तिचे डोळे मात्र काढायचे नाहीत. ज्या घरी जाईल त्या घराच्या उंबऱ्यात काढायचे, कारण डोळे उघडल्यावर त्याने आधी आपलं घर बघितलं पाहिजे. माझ्या आठवणीत ती मूर्ती कधी लागलीच नव्हती. पंचमीला आप्पा तिची परत माती करत.

दादा तिसरी पाळी करून स्कूटरवरून आला, तो हेल्मेट न काढताच शेडमध्ये शिरला. रोह्याचे वैद्य आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी वाटेत त्याला थांबवलं होतं. मूर्ती फळीवरून उतरवताना तिचा हात निखळला. घरातल्या म्हाताऱ्या आईने पाणीसुद्धा सोडलंय, गणपती आल्याशिवाय घेणार नाही म्हणते. माध्यान्हीच्या आत दुसरी मूर्ती पोचेल का? टेम्पो सगळे कधीच लागलेले. एसटीत पाय ठेवायला जागा नाही. दादाचे डोळे जागरणाने मिटत होते. आप्पांनी राखणीच्या मूर्तीवरचं फडकं काढलं, तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ब्रश घे," म्हणाले. "नि चावी."

हातभर उंचीची मूर्ती. ती आप्पांनी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी कवेत धरली. बिनडोळ्यांचा गणपती आणि त्यांचा अंधुक चेहरा, दोघं माझ्या शेजारी. मी सवयीने चाळिसाच्या आतच निघाले. वडखळपर्यंत कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रांग, पुढे रेल्वेच्या रुळांचं काम चाललेलं, तिथे एक डंपर आडवा फसलेला. आम्ही तिथे थांबलो, थांबलो, थांबलो. आप्पा ढगात सूर्य शोधत होते. नागोठण्याहून आत वळलो, भिसे खिंडीचा चढ लागला आणि आमच्या पुढे खच्चून भरलेली एसटी, माणसाच्या पावलाने चढणारी. मी तिच्या मागे. आमच्या मागे आमचा निळा धूर.

"आप्पा, पुढे काढू?"

त्यांनी मूर्ती आणखी घट्ट धरली.

"चाळिसाच्या आत राहिले तर वेळ टळणार. तुम्ही सांगा. मी काही तुमच्याशिवाय करत नाही, महिनाभर केलं नाही. इंजिनाची एवढी काळजी असेल तर सांगा, इथेच थांबते."

"इंजिनाचं मला काय पडलंय गो?" आप्पा एकदम ओरडले. मूर्ती कवेत असल्याने त्यांना हात हलवता येईना, म्हणून सगळा जोर आवाजात आला. "मी तुझ्या हाताचं बघतोय. गोविंदा कसा डोळे काढायचा, तुला काय माहीत? तू तेव्हा रांगत व्हतीस. गेला ट्रकवर. चार वर्षं स्टेरिंग धरलंन आणि परत आला तो हात असा थरथरता. सरळ रेघ निघंना त्याची. माझा सख्खा भाऊ. माझे डोळे चालले, त्याचा हात गेला. आता तुझा गेला तर या शेडमधला गणपती बघणार कशानं?"

मला काय वाटलं ते सरळ लिहिते. मला राग आला. इतका, की डोळ्यांत पाणी आलं. महिनाभर! माती, लोखंड, सावली, काटा, चाळीस. आणि पोटात हे! "मग हे सांगायचं ना आप्पा! आधी सांगायचं ना! मी रोज मुकाट तुमचे गणपती पोचवतेय, नि तुम्ही..." एसटीने धुराचा लोट सोडला. आप्पा हळू आवाजात म्हणाले, "सांगितलं असतं तर तू भिऊन ब्रश धरला असतास. भ्यालेल्या हाताची रेघ मला नको."

तेवढ्यात पुढचा रस्ता मोकळा दिसला. मी गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. महिन्याभराने प्रथमच दोन्ही कार्बोरेटर एकदम उघडले असतील. आतून असा आवाज आला की मीच दचकले. एसटी मागे गेली. कंडक्टर दारातच उभा होता. तोच होता की दुसरा, मला माहीत नाही, पण मी तोच धरून चालते. चढाला मी तिला दमवली, वळणाला सोडली, पुन्हा दमवली. मेस्त्रीने सांगितलेलं सगळं, महिन्याचं सगळं, त्या एका खिंडीत. आप्पांना पाय दाबता येत नव्हता, दाबला तर मांडी हलायची आणि मूर्ती कलायची. ते मूर्तीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत होते. अथर्वशीर्ष असेल. किंवा मला शिव्या. खिंड उतरून निडी गावाच्या बाजूचे रूळ दिसायला लागले तेव्हा मी आरशात बघितलं. मागे हिरवी भातशेतं दिसत होती, धुराचा पडदा नव्हता. मी परत परत बघितलं.

वैद्यांच्या दारात पाट मांडून तयार होता. मी खाली उतरले, ब्रश रंगात बुडवला आणि माझा हात थरथरायला लागला. बोटांत अजून स्टेअरिंग होतं. वैद्यांची म्हातारी आई दाराला धरून उभी होती, ओठ सुकलेले. आप्पांनी माझा हात बघितला. त्यांना अंधुक दिसायचं म्हणतात! मला वाटलं, आता बोलतील. बोलले, पण एवढंच, "घाई नाय."

आयुष्यात मला त्या दोन शब्दांचा कधी नाही इतका वीट आला होता, पण त्या क्षणी त्यांच्याइतकं कामाचं दुसरं काही नव्हतं. मी करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवली. श्वास सोडला आणि थांबले. बोटांतलं इंजिन बंद व्हायची वाट बघितली. मग उजवा डोळा काढला, मग डावा. डाव्याची वरची रेघ केसभर जाड आली. वैद्यांच्या घरात ती कुणालाच दिसली नाही, म्हातारीने हात जोडले आणि रडत रडत पाणी मागितलं. आप्पा मूर्तीपाशी वाकले, नाक लागेल इतके जवळ गेले, बराच वेळ बघत राहिले. "चालंल," म्हणाले. आमच्या घराण्यात याच्या वरचं कौतुक नाही.

आज माझा हात खरंच थरथरतो. डॉक्टर म्हणतात वय झालं, आणि त्यात कुठल्या गाडीचा दोष नाही. शर्यतीचंही सांगून टाकते, कारण घरात सगळे तेच विचारतात. इंजिन परत खोलावं लागलं नाही, दसऱ्यानंतर मी घाटात गाडी चालवली आणि शेवटून दुसरी आले. शेवटचा माणूस वाटेत बंद पडला होता. आत्याने तरी पेढे वाटले. पण मला त्या शर्यतीचं एकही वळण धड आठवत नाही. आठवतं ते चतुर्थीचं परतणं.

वैद्य मोदक खाऊन जा म्हणत होते, आप्पा थांबले नाहीत. आमच्या घरचा गणपती आप्पा परतल्यावरच बसायचा, वेळ टळली तरी. गणपती करणाऱ्याला एवढी सूट देवाने दिलेली असते, असं ते म्हणत. आई, आत्या, दादा, सगळे उपाशी वाट बघत असणार. गाडीत बसलो. आता मांडीवर मूर्ती नव्हती, पाय मोकळे होते, आणि मी मनाशी म्हटलं, झालं, आता सुरू होणार. रोह्याच्या बाहेर पडलो. काटा चाळिसाला आला. मी चोरून खाली बघितलं. झिजलेल्या चटईवर फक्त त्यांच्या चपला होत्या. आप्पा सीटवर मांडी घालून बसले होते, पंगतीला बसतात तसे, आणि बाहेर बघत होते.

"काय बघतीस?" ते म्हणाले. "जोरात घे. भूक लागली हाय."